पहिल्या हाकेला ओ

पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरात कुणाला बोलवायचं तर तीन हाका माराव्या लागतात. पहिल्या हाकेला तिकडं कुणी ओ देत नाही. ऐकू येत नाही असं नाही. ऐकू येतं, हातातलं काम थांबतं, कान टवकारले जातात, पण माणूस तोंडातून चकार शब्द काढत नाही. कारण मेलेलं माणूसही हाक मारतं, फक्त त्याला ती एकदाच मारता येते. त्या हाकेला ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं. जिवंत माणूस दुसरी मारतो, तिसरी मारतो, आणि चौथीला शिव्या घालतो. म्हणून तिसरीपर्यंत थांबायचं आणि मग बिनघोर ओ द्यायची. शहरातल्या माणसांना हे ऐकून हसू येतं. येऊ द्यावं, त्यांना डोंगरात एकट्यानं घरी जायचं नसतं.

देवराम भाऊंनी आपली संघटना ह्या तीन हाकांवर उभी केली. भाताची कापणी आटोपली की डोंगरातली माणसं बायकापोरांसकट नाशकात उतरतात. कुणी द्राक्षबागांत जातं, कुणी बांधकामावर. पूर्वी ती हमरस्त्यावरच्या एका पुलाखाली झोपत. एका पहाटे एक ट्रक त्या झोपलेल्या माणसांवर चढला. त्यानंतर देवराम नावाचा पोरगेला मजूर पुलाखालून उठला आणि शहरभर भांडत सुटला. वर्षानुवर्षं भांडून त्यानं पेठ रोडच्या कडेचं एक मैदान मिळवलं. तिथं पालं ठोकायला जागा, पाण्याचा नळ, बायकांसाठी संडास, दिवा आणि लहान पोरांसाठी पत्र्याची बालवाडी, सगळं त्यानं एकेक करून ओढून आणलं. मार खाल्ला, तुरुंग पाहिला, पण कुणापुढं वाकला नाही. हे सगळं खरं आहे आणि ते नीट लक्षात ठेवावं, कारण पुढं जे सांगायचं आहे तेही तितकंच खरं आहे.

सभा सुरू करताना भाऊ नमस्कार-चमत्कार करत नसत. टेबलावर चढत, हात तोंडाशी धरत आणि पोटातून हाक देत, ‘हाय का कोनी होऽऽ?’ मैदान गप्प. दुसरी हाक. मैदान गप्पच. मग तिसरी, आणि तिसरीला सगळं मैदान उठून एका आवाजात म्हणे, ‘ओऽऽ!’ पाहणाऱ्या पोलिसाच्याही अंगावर काटा यायचा. आम्ही जिवंत आहोत, इथं आहोत, एवढंच त्या ओचं म्हणणं असे.

संध्या ही भाऊंची एकुलती एक लेक. इंदिरानगरात एका डॉक्टरांकडं ती कामाला होती, आणि रोज पंचवटीतून दुचाकीवर जा-ये करत होती. पंचवटीच्या एका बोळात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ती, आई झुंबरबाई आणि भाऊ राहत. खालच्या खोलीत संघटनेचं कार्यालय होतं. लोक तिला म्हणत, ‘पोरी, तू भाग्याची.’ ती मान डोलवी. दुसरं काय करणार?

ती शाळेत तिसरीत असतानाची गोष्ट. आई स्टोव्ह पेटवून भात शिजवत बसली होती. स्टोव्हचा भुरभुर आवाज खोलीभर भरला होता. भाऊ खालून जिना चढत आले आणि त्यांनी हाक मारली, ‘झुंबरेऽ!’ मग दुसरी. मग तिसरी. स्टोव्हच्या आवाजात आईला एकही ऐकू आली नाही. भाऊ आत आले आणि त्यांनी तिच्या डाव्या कानाखाली लगावली. हजारो लोक ज्याच्या तिसऱ्या हाकेला उठून उभे राहत, त्याच्या घरची बाई उठली नाही, एवढाच तिचा गुन्हा. आई स्टोव्हपाशी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊंनीच तिला दवाखान्यात नेलं, रांगेत उभे राहिले, आणि ‘पडली’ म्हणून सांगितलं. त्या आठवड्यातल्या सभेत ते बोलले की, बाईवर हात टाकणाऱ्याला आपल्या संघटनेत जागा नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. संध्या पहिल्या रांगेत बसली होती.

आईचा डावा कान कायमचा गेला. त्यानंतरही मार चुकला नाही, फक्त कानावर कधी बसला नाही, तेवढी काळजी भाऊ घेत.

तेव्हापासून झुंबरबाईंनी रीत मोडली. नवऱ्याच्या पहिल्या हाकेला त्या ओ देऊ लागल्या. भुताची भीती परवडली. झोपायच्या तरी बहिरा कान उशीत आणि चांगला कान वर. हाक आली की हातातलं टाकून धावायच्या आणि दारात उभं राहून म्हणायच्या, ‘आले ना? पहिल्याच हाकेला आले.’ कुणीतरी साक्षीला हवं असल्यासारखं त्या ते म्हणायच्या. भाऊंना पाणी हवं असे, किंवा चष्मा.

लेकीशी मात्र त्यांनी जुनी रीत जपली होती आणि त्यात दोघींचा खेळ होता. संध्यानं आतून ‘आये’ म्हटलं की त्या मुद्दाम गप्प बसत. दुसऱ्या हाकेला गालात हसत. तिसरीला म्हणत, ‘आता वळखलं, माझीच पोरगी हाय. भूत असतं तर इतकी चिकाटी नसती.’ संध्या तिशी ओलांडून गेली तरी हा खेळ चालूच होता. त्या घरात हसण्यासारखं फार नव्हतं, हे एक होतं.

भाऊ आषाढात गेले. अर्धांगाचा झटका आला आणि सगळ्यात आधी वाचा गेली. दवाखान्यात आई उजवा कान त्यांच्याकडं करून बसून राहिली. ओठ हलत, आवाज येत नसे. अंत्ययात्रेला पंचवटीतले रस्ते माणसांनी भरले. बायका धाय मोकलून रडत होत्या. संध्याही रडली. ते रडणं खरं होतं, आणि त्याची तिला पुढं कितीतरी दिवस चीड येत राहिली.

दिवाळीनंतर माणसं पुन्हा डोंगरातून उतरली, पालं पडली, आणि मैदानावर गंडांतर आलं. कुंभमेळा तोंडावर आला होता. बाहेरून येणाऱ्या गाड्या उभ्या करायला जागा हव्या होत्या, आणि कुणाच्या तरी नकाशात हे मैदान मोकळं दिसत होतं. ‘इथं माणसं राहतात म्हणता, मग दिसू द्या,’ असं महापालिकेतून पाहणीला येणाऱ्या साहेबांनी कळवलं. रविवारी सकाळी ते स्वतः येणार होते. त्या वेळी मैदानात माणसं दिसली तर जागा राहणार, नाहीतर पुन्हा तो पूल.

संघटनेचं काम आता पल्लवी बघत होती. ती इंदिरानगरची, वकिली शिकलेली, कॉलेजात असताना भाऊंचं एक भाषण ऐकून आली ती इथलीच झाली होती. मजूर दिवसभर शहराच्या चारी टोकांना पांगलेले असतात, त्यांना निरोप पोचवायचा म्हणजे रिक्षावर भोंगा लावून फिरवावा लागतो. पल्लवी संध्याला म्हणाली, ‘तुझ्या मोबाईलमध्ये भाऊंच्या शेवटच्या सभेचं रेकॉर्डिंग आहे ना? सुरुवातीला त्यांची हाक लावू, मग मी रविवारचं सांगते. त्यांच्या आवाजानं लोक येतील.’

संध्यानं घरी बसून, कानात इअरफोनची बोंडं घालून ते लावलं. पहिली हाक तिनं ऐकली. दुसरीला तिचे खांदे वर गेले. तिसरी येण्याआधीच तिनं कानातली बोंडं उपटून काढली. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच झालं. मग तिनं मोबाईलवरची आवाजाची रेघ बोटानं मागं ओढली आणि पहिली हाक ठेवून पुढचं सगळं कापून टाकलं. दुसरी गेली, तिसरी गेली, आणि लोकांची ओसुद्धा गेली, कारण ती तिसरीलाच चिकटलेली होती. एका हाकेचा अर्थ काय होतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. पण त्या वेळी तिला फक्त ती तिसरी हाक घरात नको होती.

गुरुवारी हिरामणची रिक्षा फिरायला लागली. हिरामण पेठकडचाच, पूर्वी पुलाखाली झोपणाऱ्यांतला, आता स्वतःच्या रिक्षाचा मालक. कामावरून परतताना संध्या द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबली होती, आणि कुठल्यातरी बाजूच्या रस्त्यावरून, बसच्या हॉर्नच्या वरून, तिच्या बापाचा आवाज आला, ‘हाय का कोनी होऽऽ?’ पुढं काहीच नाही. नुसती ती हाक, आणि मग बराच वेळ थांबून पल्लवीचा स्वच्छ शहरी आवाज. सिग्नल सुटला. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले तेव्हा तिला कळलं की आपण हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून नुसत्या उभ्या आहोत.

ती घरी पोचली तेव्हा रिक्षा त्यांच्याच बोळातून भाजीबाजाराकडं चालली होती. भोंग्यातून हाक निघाली. वरून आईचा आवाज आला, ‘ओ, आले! आले!’ आणि धावत येणारी पावलं. झुंबरबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन थांबल्या. हाताला पीठ होतं. उजवा कान पुढं करून त्या बोळात बघत होत्या.

‘आये, रेकॉर्डिंग आहे ते,’ संध्या खालून ओरडली.

झुंबरबाईंनी हाताचं पीठ बघितलं. ‘सवय हाय गं,’ त्या म्हणाल्या.

संध्या शिकलेली होती, डॉक्टरांकडं नोकरीला होती, भुताखेतांना हसणारी होती. तरी ती दुचाकी तशीच टाकून जिन्याकडं धावली. मेलेल्या माणसानं एक हाक मारली होती आणि तिच्या आईनं ओ दिली होती. जिना चढून तिनं आईचा हात धरला. झुंबरबाईंना लेकीच्या मनातलं कळलं. त्या म्हणाल्या, ‘न्यायचं ते त्यानं जितेपणी नेलं. आता काय नेनार माझं?’ आणि भाकरी थापायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी हिरामण कार्यालयात आला आणि त्यानं पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

‘संध्याताई, मी ही टेप नाय वाजवनार आता.’

‘काय झालं?’

‘एकच हाक हाय हिच्यात.’ तो तिच्याकडं न बघता बोलत होता. ‘काल बांधकामावरची मानसं कामं टाकून गपचीप उभी राह्यली. बायांनी पोरांची तोंडं दाबून धरली, न जानो एखादं ओ देऊन बसायचं. सुलाबाईच्या नातवाला रातच्याला ताप भरला. आता पालं सोडायला लागलेत लोकं. भाऊ कुनाला तरी न्यायला आलाय म्हनतात.’

पल्लवी आणि संध्या तशाच मैदानावर गेल्या. अर्धी पालं उतरवलेली होती. बांबू एका बाजूला रचलेले, ताडपत्र्यांच्या घड्या, रस्त्याच्या कडेला गाठोडी घेऊन बसलेल्या बाया टेंपोची वाट बघत होत्या. मेलेल्यानं आत येऊ नये म्हणून राहिलेल्या पालांच्या दारात राखेच्या रेघा ओढल्या होत्या. नळ उघडाच राहिला होता, पाणी वाहत होतं, आणि संध्यानं जाऊन तो बंद केला.

सुलाबाई म्हणजे मैदानातल्या सगळ्यात जुन्या. नातू त्यांच्या मांडीवर निजला होता. पल्लवीनं त्यांच्यासमोर बसून समजावलं की ही नुसती टेप आहे, मोबाईलमधली.

‘मला कळत नाय का टेप काय ते?’ सुलाबाई म्हणाल्या. ‘माझ्या मोबाईलात बी लेकीचं गानं हाय. पन मला सांग, एकच का? भाऊ जितेपनी कंदी एक हाक मारून थांबला नाय. मग आताच एक का मारली?’

पल्लवीनं संध्याकडं बघितलं. संध्यानं जमिनीकडं बघितलं.

‘भाऊ चांगला व्हता गं पोरी,’ सुलाबाई नातवाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या. ‘माझा नवरा मारायचा तर भाऊ येऊन बसायचा पालात, त्याला घाम फुटंस्तोवर बोलायचा. पन मेलेलं मानूस चांगलं नसतं. कुनाचंच नसतं.’

परतताना पल्लवी म्हणाली, ‘पूर्ण रेकॉर्डिंग लावू मग. तू का कापलंस ते?’

तेव्हा कार्यालयाच्या पायरीवर बसून संध्यानं तिला सगळं सांगितलं. स्टोव्ह, जिना, तिसरी हाक, कान, दवाखान्यातलं ‘पडली’. तिनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बोळातून भाजीच्या पिशव्या घेऊन लोक जात होते, ओळखीचे लोक तिला नमस्कार करत होते, आणि ती मान हलवून सांगत राहिली.

पल्लवीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ‘मी त्यांच्यामुळं ह्या कामात आले,’ ती म्हणाली. ‘बाईवर हात टाकणाऱ्याला इथं जागा नाही, हे वाक्य ऐकून आले. आणि तू हे आत्ता सांगतेस?’

‘कधी सांगायला हवं होतं? नळ येण्याआधी की संडास बांधल्यावर?’

पल्लवी बोळात चार पावलं चालून परत आली. मग म्हणाली, ‘लोकांना सांगायचं का?’

‘सांगितलं तर रविवारी येतील का ते?’ संध्या म्हणाली, आणि आपल्याच आवाजातली धार तिला लागली. तिचा बाप भांडताना असाच बोलत असे.

शनिवारी सुलाबाईंनी स्वतःच तोड काढली. अशी काही रीत कुठं नव्हती, त्यांनी ती तिथल्या तिथं ठरवली, पण अशा ठामपणे सांगितली की ऐकणाऱ्याला ती शंभर पिढ्यांची वाटावी. टेपमधल्या पुऱ्या तीन हाका लावायला त्यांनी साफ नकार दिला. मेलेल्यानं तीन मारल्या तर ते आणखीच वाईट. ‘भाऊची हाक अर्धी फिरतेय गावभर,’ त्या म्हणाल्या. ‘ती पुरी करा. पहिली त्यानं मारली, उरलेल्या दोन घरच्या मानसानं माराव्या. रक्ताच्या. मग ती हाक जित्याची व्हईल, मग आमी ओ देऊ. नायतर नाय.’

‘मी मारणार नाही,’ संध्या पटकन म्हणाली.

सुलाबाईंना वाटलं ती लाजते आहे.

घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं. झुंबरबाई वाल निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

‘का नाय मारनार?’

‘का ते तुला माहीत आहे.’

‘मला माहीत हाय. म्हनून तर तुला विचारते.’ त्या वाल निवडत राहिल्या. ‘संधे, त्या पुलाखाली मी झोपलेली हाय. तू पोटात व्हतीस. ट्रक आला तवा माझ्या शेजारची बाई गेली, मी राह्यले. त्या मैदानात पहिल्या रात्री पाय लांब करून झोपले तवा मी रडले. तो नळ माझा बी हाय. तो आननारा कसा व्हता, ते मी बघीन, माझं मी बघत आले आजपर्यंत. पानी त्याला काय करतं?’

‘तुझा कान गेला, आये.’

‘गेला. तो काय त्या बायांची पालं टेंपोत गेली म्हनजे परत येनार हाय?’

संध्याला वाटलं, आईनं एकदा तरी म्हणावं की मारू नकोस, तो आवाज घरात नको. पण आईला मैदान हवं होतं. आईचा हक्कच होता तसा. आणि राग येऊन उपयोग नव्हता, कारण ज्याच्यावर यायचा तो रामकुंडात राख होऊन गेला होता.

रविवारी ऊन चढायच्या आत साहेबांची गाडी आली. बरोबर दोघंतिघं, हातात नकाशा. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला घाई होती. मैदानात मोजकी पालं उभी होती. माणसं होती, पण रस्त्याच्या कडेला, झाडांमागं, गाठोड्यांवर बसलेली, कुठल्याही क्षणी निघतील अशी. टेंपोही येऊन उभा होता. साहेबांनी चहूकडं बघितलं आणि पल्लवीला म्हणाले, ‘मॅडम, हे तर रिकामंच आहे.’

‘एक मिनिट थांबा,’ पल्लवी म्हणाली.

झुंबरबाई नळाच्या ओट्याला टेकून बसल्या होत्या, उजवा कान मैदानाकडं करून. संध्या टेबलावर चढली. ह्याच टेबलावर बाप उभा राहायचा, एक पाय हलायचा तो अजून हलत होता. तिनं हिरामणला मान हलवून सांगितलं.

भोंग्यातून भाऊंनी हाक मारली, ‘हाय का कोनी होऽऽ?’

मैदानावर चिटपाखरू हललं नाही. कुठंतरी एका आईनं पोराच्या तोंडावर हात ठेवला. संध्यानं डोळे मिटले. तिनं मैदान डोळ्यापुढं आणायचा प्रयत्न केला, पण आला तो जिना, स्टोव्हचा आवाज, आणि भाताचा वास. तिनं हात तोंडाशी धरले आणि दुसरी हाक मारली.

आपल्यातून काय बाहेर पडलं हे ऐकून ती स्वतःच दचकली. भोंगा संपला कुठं आणि ती सुरू झाली कुठं, हे कुणालाही सांगता आलं नसतं. तोच आवाज होता, तशीच शेवटाला वर जाणारी, वाट न बघणारी हाक. हिरामणनं घाईघाईनं भोंग्याचं बटण तपासलं. बंद होतं. साहेबांचा हात नकाशावर तसाच राहिला.

आता तिसरी. लहानपणी जी ऐकली की ती गोधडीत तोंड खुपसत असे ती तिसरी. तिला वाटलं, उतरावं आणि चालू लागावं. मग टेंपोत गाठोडं टाकणारी एक बाई दिसली. ती हात वर करून थांबली होती, गाठोडं तसंच धरून, आणि टेबलाकडं बघत होती. संध्यानं पोट आत ओढलं आणि सगळा जीव एकवटून तिसरी हाक मारली.

‘ओऽऽऽ!’

झाडांमागून, रस्त्यावरून, टेंपोच्या मागून माणसं उठली. पालांतून उठली. जी कुठं आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं तीही उठली. पोरं ओ देत पळत आली, बाया गाठोडी टाकून आल्या, आणि पुन्हा एकदा, कुणी न सांगता, सगळं मैदान म्हणालं, ‘ओऽऽऽ!’ सुलाबाई नातवाला कडेवर घेऊन रडत होत्या आणि हसत होत्या. गर्दी टेबलाभोवती इतकी दाटली की संध्याला नळाचा ओटा दिसेना, आई दिसेना. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि बरोबरच्याला सांगितलं, ‘लिहा, वस्ती आहे.’

दुपारभर लोक तिला सोडत नव्हते. भाऊ परत आला, असं म्हणत म्हाताऱ्या तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. हिरामण म्हणाला, ‘ताई, आता दर सभेला तुमीच.’ पल्लवीनं तिला मिठी मारली. संध्याचा घसा बसला होता. आणि खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटत होतं. एवढी माणसं आपल्या आवाजानं उठतात, ह्यात काय सुख आहे ते तिला त्या दिवशी कळलं. बापालाही हेच कळलं असणार, असं तिच्या मनात आलं आणि ती त्या विचारावर फार थांबली नाही.

आई हिरामणच्या रिक्षातून आधीच घरी गेली होती.

संध्याकाळी संध्या घरी आली. आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. संध्यानं गॅसवर चहाचं आधण ठेवलं. उद्यापासून पालं पुन्हा पडणार होती. आईला सगळं सांगायचं होतं, साहेबांची टोपी, हिरामणचं बटण, आणि दोघींनी पोट धरून हसायचं होतं. साखरेचा डबा जागेवर नव्हता. तिनं फळीवर चाचपत, बसलेल्या घशानं, नेहमीसारखी पहिली हाक मारली.

‘आयेऽ!’

आणि नेहमीसारखी ती हसत थांबली. अजून दोन हाका बाकी होत्या.

‘ओ! आले, आले!’

आतून काहीतरी खाली पडलं. अनवाणी पावलं धावत आली. झुंबरबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात अर्धी घडी घातलेली चादर होती, श्वास लागला होता, मान किंचित वळलेली, उजवा कान पुढं.

गॅसवर पाण्याला उकळी आली होती.

‘आले ना?’ झुंबरबाई म्हणाल्या. ‘पहिल्याच हाकेला आले.’